निकानोरच्या रेडिएटरमधला गाळ

खालचा पाइप सुटला आणि रेडिएटरमधलं पिवळट, गढूळ पाणी भळाभळा घमेल्यात पडलं. गावातलं गॅरेज चालवणाऱ्या साबिनाने घमेल्यावर आधीच फडकं ताणून बांधलं होतं. पाणी गाळून खाली गेलं, फडक्यावर ओंजळभर गाळ उरला.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" इंजिनियर बारेदा म्हणाला. "हा तिसरा ट्रक. घाटात तापून बंद पडतो, आणि ड्रायव्हर म्हणतो, मला काय माहीत!"

लिमाहून खाणीवर येऊन बारेदाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. कंपनीचे ट्रक त्याच्या ताब्यात होते, आणि डोंगरातली ही माणसं आपल्याला नवखा समजून बनवताहेत याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नव्हती. उंचीवरच्या विरळ हवेने त्याचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. साबिनाने स्टोव्हवरच्या किटलीतला मुन्याचा, म्हणजे डोंगरी पुदिन्याच्या पाल्याचा, काढा त्याला दिला. त्याने तो घटाघटा संपवला. तिने न विचारता पेला पुन्हा भरला.

ट्रकचा ड्रायव्हर निकानोर चाकाला टेकून उभा होता. बारा वर्षं कंपनीचा ट्रक हाकलेला माणूस, पण साहेबासमोर मान खाली घालायची त्याला सवय नव्हती.

"आधीच्या दोन ट्रकांचा गाळ मी कॅम्पच्या प्रयोगशाळेत तपासून घेतला," बारेदाने खिशातून कागद काढून झटकला. "शिसं आणि आर्सेनिक! खाणीचं सांडपाणी आहे हे. ओढ्यातून भरलंस ना?"

"ओढ्यातून नाही."

"मग कुठून? सांग, नाहीतर चावी ठेव आणि घरी बस."

"चावी घ्या की," निकानोर म्हणाला. "पण बारा वर्षं राबलेल्या माणसाला चोरासारखं हाकलू देणार नाही. गावाच्या वहीत लिहा. तुमचा आरोप, तुमचा शिक्का. मग पाणी कुठलं ते सांगतो, खाली सहीही करतो."

"चोराच्या उलट्या बोंबा!"

"असतील. वहीतच मारा."

गुरांच्या भांडणापासून पाटाच्या पाळीपर्यंत गावातलं सगळं त्या वहीत चढायचं. वहीत नाही ते घडलंच नाही, असा तिथला हिशेब. यंदा ती वही साबिनाकडे होती. तिने हात पुसले आणि पान्यांच्या फळीवरून जाडजूड वही काढून कोरं पान उघडलं.

बारेदाला हसू आलं. कबुली, आणि तीही यांच्याच वहीत! आयती शिकार चालून आली होती. त्याने ऐटीत लिहिलं: 'रेडिएटरमधल्या गाळात शिसं व आर्सेनिक आढळले. हे पाणी इंजिनाला अपायकारक आहे.'

साबिनाने वाकून वाचलं. "आणि कुणी चुकून प्यायलं तर?"

"प्यायलं तर? अहो बाई, जनावराच्याही तोंडाला लावू नये हे!"

"मग तेही लिहा, साहेब. गावात गुरं आहेत."

त्याने तेही लिहिलं. "हं, बोल आता. कुठलं पाणी?"

"चार नंबरच्या टाकीचं," निकानोर म्हणाला. "तिन्ही ट्रकांत तेच. आम्ही तिघांनी मिळून ठरवून भरलं."

ठरवून! बारेदाचं रक्त तापलं. त्याने टाकीचा नंबर ठळक अक्षरात लिहून खाली दोन रेघा ओढल्या, सही केली आणि खिशातला आपल्या नावाचा शिक्का काढून दाणकन उमटवला. निकानोरने शेजारी सही केली, खिशातून चावी काढून वहीवर ठेवली. नोकरी गेलेला माणूस इतक्या ताठ मानेने उभा राहतो, याचा बारेदाला मनस्वी संताप आला. त्याने पेला उचलून उरलेला काढा एका घोटात संपवला.

"मागचं एक पान बघा, साहेब," साबिना म्हणाली आणि तिनेच वही मागे चाळत ते उघडलं.

त्यावर कंपनीचं दोन वर्षांपूर्वीचं पत्र चिकटवलेलं होतं, गोल शिक्क्यासकट. 'टाकी क्रमांक चार. कंपनीकडून ग्रामस्थांना सप्रेम भेट. पाणी शुद्ध व पिण्यास योग्य.'

बारेदाने ते दोनदा वाचलं. मग हातातल्या रिकाम्या पेल्याकडे पाहिलं.

साबिनाने किटली उचलली. "अजून देऊ, साहेब?"