मेलबर्नहून निघालेलं विमान

"आता कुठवर आलं असेल गं विमान?" अंथरुणाला खिळलेल्या अप्पांनी पुन्हा विचारलं.

जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. नुसतं "येतंय" म्हणून भागत नव्हतं. "दुबई सोडली, अप्पा. आता समुद्रावर आहे," वृंदा म्हणाली. परदेशातून येणारे दुबईवरून येतात, एवढंच तिला ठाऊक होतं.

खरं तर तिचा भाऊ विमानात बसलाच नव्हता. पहाटे फोनवर म्हणाला होता, "ताई, नाही गं जमत. तू आहेस ना तिथे?" डॉक्टरांनी तर आशा सोडली होती. मग तिने अप्पांना सांगून टाकलं, की हेरंब मेलबर्नहून निघाला, बारा-तेरा तासांत मुंबईत उतरेल. तेव्हापासून अप्पा तग धरून होते आणि ती ते विमान एकेक देश पुढे सरकवत होती. आता ऊन कललं होतं. विमान उतरवावं तर लागणार होतं, पण त्यातून कोणी बाहेर येणार नव्हतं.

अप्पांनी डोळे उघडले. फळ्यापाशी अडलेल्या मुलीला सांगावं तसं सावकाश म्हणाले, "मेलबर्नहून येताना वाटेत दुबई लागत नाही, वृंदे. दुबई आपल्या पश्चिमेला, मेलबर्न पूर्वेला."

तिने त्यांचं पांघरूण उगाच सारखं केलं.

"दुपारी इराण म्हणालीस, तेव्हाच कळलं. पण तू इतक्या मायेनं आणत होतीस, म्हटलं, आणू दे." त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. "दमलीस आता. राहू दे."

मग भिंतीकडे कूस वळवून त्यांनी वाट पाहणं सोडून दिलं.