माणशी एक वचन

नववर्षाच्या उपासनेनंतर चर्चच्या पाळकसाहेबांनी बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्यांचा डबा पुढे केला. "वर्षासाठी माणशी एकच, वहिनी. देवाशी घासाघीस नाही!"

सीमेवरच्या मुलासाठी मी चिठ्ठी काढली. तलवार धरणारे तलवारीनेच मरतील, असं निघालं. मी ती मुठीत दाबली आणि हळूच दुसरी उचलली. तिच्यात प्रभू हातांना लढाई शिकवत होता.

दुपारी त्याचा फोन आला. "आई, माझं वचन सांग पटकन. चौकीवर निघालोय."

दोन्ही चिठ्ठ्या ओट्यावर होत्या. पहिलीने त्याचा हात अडखळला असता. दुसरीने तो कुणाच्या तरी मुलावर सहज उठला असता.

"यंदा तुझी चिठ्ठी कोरी निघाली रे."

"कोरी?" तो हसला, पण लगेच थांबला. "आई, मग मी तिथे काय करायचं?"