भरोसा

पप्पांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला एंजल मासा त्यांची लाडकी प्रवाळं कुरतडायला लागला. कपारीत लपणारा मासा जाळीत काही येईना. मग पप्पांनी टाकीत काचेची पेटी ठेवली, तिचं दार दोरीनं वर बांधलं आणि रोज आत झिंग्याचे तुकडे टाकायला लागले.

"घाई न्हाई करायची. आधी त्याला भरोसा येऊ द्यायचा," ते आम्हा दोघी बहिणींना म्हणाले.

मासा बिनधास्त आतबाहेर करू लागला, तेव्हा त्यांनी दोरी सोडली. दार पडलं, मासा आत अडकला. ताईनं माझा हात घट्ट धरला होता.

पुढं ताईनं पळून जाऊन लग्न केलं. हिंगोलीतल्या आमच्या घरात तिचं नाव घेणं बंद झालं. आता अचानक पप्पा रोज तिला गोड बोलून फोन करून राहिले, "झालं गेलं विसरलो बेटा. जावयाला घेऊन ये."

आज ताईचा मला फोन आला. पप्पा समोरच बसले होते.

"राणी, आमी निघून राहिलो. पप्पांचा राग खरंच गेला ना?"

"व्हय ताई," पप्पांच्या डोळ्यांत बघत मी म्हणाले, "तुझ्यासाठी झिंग्याचे तुकडे टाकून ठेवलेत त्यांनी."