बारशाची कळ

‘बसताना पुढे झुका, माकडहाडावर भार येऊ देऊ नका,’ असं नर्सबाईंनी शरयूला तिच्या बाळंतपणात बजावलं होतं. बाळ तान्हंच गेलं. दुखणं मात्र मागे राहिलं होतं, आता कुठे ते थांबलं होतं.

आज तिच्या नणंदेच्या, विशाखाच्या बाळाचं बारसं. बाळंतपणापासून माकडहाड दुखत असल्याने विशाखाला पाटावर टेकवत नव्हतं, म्हणून सासूबाईंनी वेदनापट्ट्यांची जोडी आणवली. एकीची कळ दुसरीच्या अंगात जायची, पण तीच कळ पूर्वी सोसलेल्या बाईच्याच, आणि ती दुसरी बसून असेल तोवरच. ती पुढे झुकली की थोडी कळ परत जायची.

"वहिनी, उरकेपर्यंत उठू नकोस हं. मग बाळ आधी तुझ्या मांडीवर."

"नाही उठणार," शरयूने शब्द दिला आणि पट्टा बांधून ती आतल्या खोलीत पाटावर बसली. कळ थेट मस्तकात गेली.

सासूबाई डोकावल्या. "बाळ घ्यायला बाहेर येऊ नकोस हो. ज्या मांडीवर एक टिकलं नाही, तिथे माझा नातू नको. विशाखाचंही तेच म्हणणं आहे."

शरयू ताडकन उठली. बाहेर विशाखा किंचाळली आणि तिच्या मांडीवरचं बाळ दचकून रडू लागलं.

ते रडणं ऐकत शरयू क्षणभर उभी राहिली. मग तिने दाराला आतून कडी लावली, पाट सरळ केला आणि त्यावर ताठ बसली, जराही न झुकता.

बाहेरचं रडणं थांबलं.