केसभर उंचवटा

तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवर टेकतात, ती रेहानानं कानशीनं घासून अब्बांपुढं ठेवली. तिचे अब्बा, मिरजेतले जुने कारागीर दस्तगीर शिकलगार, यांनी सवयीनं ती गालाला लावली. त्यांच्या मानेभोवती चरबीच्या गाठींचं जू चढलं होतं, त्याच दुखण्यात बोटं बधिर झाली होती. तेव्हापासून सात वर्षं ते गालानंच अंदाज घेत आणि “झकास” म्हणत.

“अब्बा, आता बोटांनी बघा की.”

ते खजील होऊन हसले. डॉक्टरांनी मानेवरची तीच चरबी काढून तिच्यापासून नवे मज्जातंतू वाढवले होते आणि गेल्या वर्षी बोटांत ओवले होते; आता कुठं त्यांत जाण परतली होती. ज्या चरबीनं हात नेले, तिच्याकडूनच ते परत मागून आणले! कारागिरी म्हणावी ती ही, असं रेहानाला राहून राहून वाटे.

अब्बांचं बोट घोडीवरून सरकलं, थबकलं, मागं आलं. कपाळाला आठी पडली.

“हे काय गं? इथं केसभर उंचवटा राहिलाय. सात वर्षं असंच करत आलीस काय?”

रेहानाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“होय अब्बा,” ती हसत म्हणाली, “अजून रागवा.”