तिसरं सॉफ्टवेअर

"हे दुसरं," असं म्हणत तिने बटण दाबलं.

पडद्यावर तिची आई दारात उभी राहून म्हणाली, "आलीस? आधी हातपाय धू, मग बोलू." कुणी पत्र्याच्या डब्यात बसवून वरून झाकण लावावं, तसा आवाज आला.

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. "पहिल्यात जनरेटर बोलत होता, यात डबा बोलतोय. तुझी आई कधी बोलणार?"

आई मागेच खुर्चीत बसली होती. ती काही नटी नव्हती. शूटिंगला ठरलेली बाई आयत्या वेळी आली नाही म्हणून तिला उभं केलं होतं. नंतर घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता काही हवं असलं की ती चुटकी वाजवायची. तिच्या आवाजाचं जगात जे काही उरलं होतं, ते या एका प्रसंगात.

आणि नेमकं त्या शूटिंगच्या वेळी खिडकीबाहेर जनरेटर धडधडत होता. समोरच्या नटीचे शॉट तो थांबल्यावर घेतलेले. त्यामुळे आईने तोंड उघडलं की धडधड सुरू, मिटलं की बंद. "साउंडचं नंतर बघू," असं तेव्हा दिग्दर्शकच म्हणाला होता. ते 'नंतर' आता लेकीच्या गळ्यात पडलं होतं.

आठवडाभर ती आवाज साफ करणारी सॉफ्टवेअर धुंडाळत होती. जो तो एक नवं नाव सांगायचा आणि वर म्हणायचा, डोळे मिटून घे! फुकट वापरून बघता येतील तेवढी सगळी तिने उतरवून घेतली, त्यांचे पासवर्ड केले, विसरली, पुन्हा केले. एकाने जनरेटरबरोबर आईचे सगळे 'स' गिळले आणि वर विचारलं, आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का? तेव्हा कॉम्प्युटर उचलून आपटावा असं तिला मनापासून वाटलं होतं.

"उद्या सकाळी डबिंगवाली येतेय," दिग्दर्शक म्हणाला. "चांगली आहे. अगदी तुझ्या आईसारखं बोलेल."

"आईसारखं म्हणजे कसं, सर?"

"म्हणजे... असंच. मायेनं. आता अंत नको पाहूस. आहे का अजून एखादं?"

"तिसरं आहे."

"लाव. हे शेवटचं."

तिने बटण दाबलं. आई दारात आली. "आलीस?" म्हणाली. तो तिचाच आवाज होता, शेवटी किंचित वर जाणारा, रागावल्याचं सोंग करणारा. नटी बोलली, आई बोलली, पुन्हा नटी बोलली. कुठे काही खटकलं नाही.

दिग्दर्शक ताठ बसला. "हेच! जनरेटर साफ गेला. आधी का नाही लावलंस? उगाच डोकं खाल्लंस माझं."

ती मात्र कॉम्प्युटरकडे बघत राहिली. कोपऱ्यात एक लाल चौकट उघडली होती: आपली मोफत मुदत संपली आहे. तिसरं सॉफ्टवेअर सकाळीच बंद पडलं होतं. त्याने काहीच साफ केलं नव्हतं.

मग तिची नजर खाली गेली. काय पुसायचं ते सॉफ्टवेअरला आधी ऐकवावं लागतं, म्हणून तिने नुसत्या जनरेटरच्या आवाजाची एक लांबच लांब पट्टी प्रसंगाखाली जोडून ठेवली होती. सकाळी ती उघडली आणि बंद करायची राहून गेली. आता जनरेटर पहिल्या क्षणापासून चालू होता, आईखाली आणि नटीखालीही. मध्येच सुरू होत नव्हता, मध्येच थांबत नव्हता, म्हणून कुणाच्या कानात भरत नव्हता. आठवडाभर जे काढायला ती जिवाचं रान करत होती, ते चुकून सगळीकडे पसरलं होतं.

तिने प्रसंग थांबवला.

दिग्दर्शकाने चमकून वर पाहिलं. "पंखा बंद पडला का गं?"

पंखा फिरत होता. थांबली होती ती जनरेटरची धडधड.

"असो. नाव काय म्हणालीस याचं? आजच विकत घेऊन टाकू."

तिने सांगायला तोंड उघडलं. मागून चुटकी वाजली. तिने वळून पाहिलं. आईने ओठांवर बोट ठेवलं होतं, आणि लहानपणी पाहुण्यांसमोर वटारायची तसे डोळे वटारले होते.

तिने तोंड मिटलं.

"सांगते, सर," ती म्हणाली. "आधी त्या डबिंगवालीला फोन करा. उद्या येऊ नको म्हणावं."