सगळं निवृत्तीच्या नावावर

"रविवारची ही भानगड कोणाची?" सबनीस मॅडमनी विचारलं, आणि कॉम्प्युटर विभागातले तिघं एकदम निवृत्तीकडे बघायला लागले.

भानगड साधी नव्हती. हजेरीच्या प्रोग्रॅमने महिन्याचे सगळे रविवार गैरहजेरीत धरले होते. सातपूरच्या त्या कारखान्यात शिपायापासून जनरल मॅनेजरपर्यंत प्रत्येक जण कामचुकार ठरला होता. म्हणून मुंबईच्या हेड ऑफिसातून मॅडम आल्या होत्या. सत्त्याऐंशी साली कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघरच. मॅडमही दाराबाहेर चपला काढून, एसीच्या गारठ्यात पदर लपेटून पडद्यासमोर बसल्या होत्या.

प्रोग्रॅम एक आणि त्यात हात घालणारे अनेक. कपाटातून फ्लॉपी काढायची, वाटेल तो बदल करायचा, परत ठेवून द्यायची. एकाने केलेलं दुसरा पुसायचा, दुसऱ्याचं तिसरा. बदल करणाऱ्याने प्रोग्रॅममध्येच आपलं नाव आणि कारण लिहायचं, असा नियम होता. पण उद्या काही अंगाशी आलं तर? म्हणून पुंजारामभाऊ, बहिरू आणि विमलाबाई, तिघंही बिनदिक्कत एकच नाव लिहीत: निवृत्ती. सिन्नरहून रोज एसटीने येणारा नवा माणूस, नोकरी अजून कच्ची. त्याने कधी चकार शब्द काढला नाही. गरीब गाय आहे, असं तिघांना वाटे.

आज मात्र त्या गरीब गायीला घाम फुटला होता. महिनाअखेरीस नोकरी पक्की व्हायची होती. त्याच भरवशावर घोटीचं स्थळ होकार देऊन बसलं होतं.

मॅडम वाचत गेल्या. निवृत्ती, निवृत्ती, पुन्हा निवृत्ती.

"कमाल आहे," त्या म्हणाल्या. "जो काम करतो तोच चुकतो. यांनी एकट्याने एवढं केलंय, यांना तर विभागप्रमुख करायला हवं. तुम्हा तिघांचं यात नावसुद्धा नाही. पगार कशाचा घेता?"

खोली गार होती, तरी तिघांना उकडायला लागलं.

"मॅडम, रात्रपाळीची दुरुस्ती माझी आहे," विमलाबाई म्हणाल्या.

"आणि उशिरा येणाऱ्यांची माझी," बहिरू म्हणाला.

मग जी चढाओढ लागली, ती विचारू नका. मॅडम एकेक नोंद वाचत, आणि लिलावात बोली लागावी तसा कोणीतरी हात वर करी.

"'सुट्ट्यांचा हिशोब सोपा केला.' हे फारच हुशारीचं काम दिसतंय."

"माझं!" पुंजारामभाऊ ओरडले. "निवृत्तीला कुठलं जमायला!"

मॅडमनी चष्मा काढला. "बरं झालं. म्हणजे रविवारची भानगड तुमची. जनरल मॅनेजरसाहेबांना तुम्हालाच भेटायचंय."

पुंजारामभाऊ गेले ते चपला घालायचंही विसरले. मॅडम निवृत्तीकडे वळल्या.

"तुमची नोकरी पक्की समजा. अख्ख्या प्रोग्रॅममध्ये तुमची एकही चूक सापडली नाही."

निवृत्तीने नम्रपणे मान खाली घातली. सापडणार कुठून? फ्लॉपी कोणत्या बाजूने आत घालायची, तेच त्याला अजून ठाऊक नव्हतं. आणि रोज इतकं काम आपल्या नावावर जमा होत असताना, कोणाला विचारावं असंही त्याला कधी वाटलं नव्हतं.